सुपारी, उचल आणि हंगाम : तमाशा फडाचा संसार

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चैत्र-वैशाखाचे दिवस हे जत्रा-यात्रांचे दिवस असतात. रब्बीची सुगी आटोपलेली असते, कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेली माणसे गावी परतलेली असतात आणि ग्रामदैवताच्या पालखीबरोबरच रात्रीच्या तमाशाची तयारी सुरू झालेली असते. रात्री खेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा हा क्रम अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आहे. या क्रमातील तमाशाविषयी कलेच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तो सादर करणारा फड हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. कोणत्याही संस्थेच्या वेतनावर अथवा कायम अनुदानावर अवलंबून न राहता, केवळ प्रेक्षकांच्या पसंतीवर शेकडो कुटुंबांचा चरितार्थ चालविणारी ती एक व्यवस्था आहे, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हा व्यवसाय उभा कसा राहतो, नावारूपास कसा येतो आणि अडचणीत का सापडतो, हे समजून घेणे गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल. कारण या कलावंतांचा सर्वांत मोठा आश्रयदाता आजही गावच आहे.

राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे

पेशवाईच्या उत्तरार्धात रामजोशी, अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम आणि होनाजी बाळा या शाहिरांनी लावणी-पोवाड्यांचे दालन समृद्ध केले. त्या काळी दरबार आणि सरदार-जहागीरदार यांची बिदागी हा कलावंतांचा मोठा आधार होता. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि हा आधार हळूहळू नाहीसा झाला. कलावंतांना गावोगावच्या रयतेकडे वळावे लागले. गण, गौळण आणि लावणी यांच्या जोडीला संवादांनी रंगणारे कथानक, म्हणजेच वग, हा याच लोकाश्रयाच्या काळात तमाशाशी जोडला गेला. उमाजी बाबाजी सावळजकर यांनी १८६५ च्या सुमारास रंगभूमीवर आणलेला ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो. रात्रभर प्रेक्षकांना खिळवून ठेवणारा वग फडाजवळ आला आणि तमाशाला स्वतःच्या बळावर उत्पन्न मिळविण्याचे साधन लाभले.

पुढील पिढीत पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी या व्यवसायाला अपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. जातीने ब्राह्मण असलेले श्रीधर कृष्ण कुलकर्णी घर-दार सोडून तमाशात आले, पवळाबाई हिवरगावकर यांच्या साथीने त्यांनी फड गाजविला आणि मुंबईच्या कामगार वस्तीतील थिएटरांतही गर्दी खेचली. तथापि, त्यांच्या आयुष्याची अखेर विपन्नावस्थेत झाली. कीर्ती आणि कमाई शिखरावर असतानाही वृद्धापकाळाची तरतूद होत नाही, हे या व्यवसायाचे दुखणे तेव्हापासूनचे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळाच्या प्रारंभी अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध आले. पुढे सुधारणेच्या अटींवर ते शिथिल झाले आणि वगाची संहिता परिनिरीक्षणासाठी सादर करण्याची पद्धत रूढ झाली. ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ हे आजच्या बहुतेक फडांच्या नावातील शब्द या स्थित्यंतराची साक्ष देतात. ही परंपरा ज्यांनी जोपासली ते कलावंत प्रामुख्याने समाजाने दीर्घकाळ वंचित ठेवलेल्या जाती-जमातींतून आले, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. जमीन-जुमला नाही, शिक्षण तुटपुंजे आणि पत नाही, अशा स्थितीत त्यांनी केवळ अंगच्या गुणांवर हा व्यवसाय उभा केला.

फडाची रचना

तमाशाचे ठळकपणे दोन प्रकार आहेत. संगीत बारीमध्ये गायिका-नर्तकींचा छोटा संच कलाकेंद्रात अथवा थिएटरात लावणी सादर करतो. पुण्याचे आर्यभूषण थिएटर हे अशा बाऱ्यांचे जुने ठिकाण. पद्मश्री यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या याच परंपरेतील. दुसरा प्रकार ढोलकी फडाचा. तो गावोगाव फिरतो आणि गण, गौळण, बतावणी व वग अशा क्रमाने संपूर्ण खेळ सादर करतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

फडाचा प्रमुख हा बहुधा स्वतः कलावंत असतो. सोंगाड्या, सरदार, नायिका, गौळणीतील मावशी आणि पेंद्या, शाहीर, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणे आणि झांज वाजविणारे, मागे सूर धरणारे सुरत्ये असा पारंपरिक संच असतो. आता त्यात पेटीबरोबर विद्युत वाद्ये, चित्रपटगीतांवर नृत्य करणारा संच, ध्वनी आणि प्रकाशयोजना सांभाळणारे तंत्रज्ञ यांची भर पडली आहे. तंबू ठोकणारे, मालमोटारींचे चालक, तिकीट विकणारे, पहारेकरी व स्वयंपाकी हेही फडाचेच घटक होत. मोठ्या फडात अशी शंभराच्या वर माणसे असतात. पडद्यावर नाव एकाचे असले तरी प्रत्येक रात्री शंभर माणसांच्या जेवणाचा आणि पगाराचा प्रश्न त्या नावाशी बांधलेला असतो.

पूर्णवेळ आणि हंगामी असे फडांचे आणखी दोन वर्ग पडतात. पूर्णवेळ फड पावसाळ्याच्या अखेरीस नव्या वगाच्या तालमी घेऊन दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत मुक्काम करीत फिरत राहतो. हंगामी फडाची बांधणी जत्रांच्या काही आठवड्यांपुरतीच होते. त्यातील कलावंत उरलेले महिने शेतमजुरी वा अन्य कामे करतात. पहिल्याला सातत्य असते पण खर्चाचा बोजा मोठा असतो. दुसऱ्याचा बोजा हलका, परंतु सारे वर्ष मोजक्या दिवसांच्या कमाईवर तोलून धरावे लागते.

उत्पन्नाचे दोन मार्ग

फडाला पैसा दोन मार्गांनी मिळतो. पहिला तिकिटाच्या खेळाचा. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत तंबू अथवा कनात उभारून तिकीट लावले जाते. या खेळाचा नफा फडाचा, आणि तोटाही फडाचाच. जागेचे भाडे, विजेची सोय, परवाने, जाहिरात हा सारा खर्च पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वीच झालेला असतो. त्या रात्री अवकाळी पाऊस आला, गावात दुःखद घटना घडली किंवा जवळच दुसरा कार्यक्रम निघाला, तर खर्च तेवढा उरतो.

दुसरा मार्ग सुपारीचा. गावची यात्रा समिती ठराविक रक्कम ठरवून फडाला बोलावते आणि खेळ सर्वांना विनामूल्य दाखविला जातो. रकमेचा काही भाग विसार म्हणून आधी दिला जातो, उरलेली रक्कम खेळाच्या दिवशी चुकती केली जाते. या पद्धतीत प्रेक्षक कमी-जास्त झाल्याचा धोका फडाला नसतो. म्हणूनच जत्रांचा हंगाम हा फडमालकाच्या दृष्टीने वर्षाचा कणा असतो. तिकिटाच्या खेळातील तूट याच दिवसांत भरून काढण्याचा त्याचा प्रयत्न असतो.

यातील हिशेब एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या फडाने हंगामाचे २०० दिवस धरले आणि पाऊस, आचारसंहिता, परीक्षा, प्रवास अशा कारणांनी त्यांतील ३० दिवस वाया गेले. कलावंतांचा पगार, जेवण आणि गाड्यांचा खर्च मात्र २०० दिवसांचा होतो. तो १७० दिवसांच्या उत्पन्नातून भागवायचा, तर दिवसाच्या दर १०० रुपये खर्चामागे खेळाला सुमारे ११८ रुपये मिळाले पाहिजेत. तेव्हा कोठे हिशेब बरोबरीत येतो. कर्जावरील व्याज, जुन्या गाड्यांची दुरुस्ती आणि पुढील वर्षाच्या नव्या वगाचा खर्च यांचा विचार यात अद्याप झालेलाच नाही. बाहेरून भरलेला दिसणारा तंबू आणि फडमालकाची रिकामी तिजोरी या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्याचे कारण हे आहे.

नारायणगावची राहुटी

सुपारीच्या व्यवहाराचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. पुणे-नाशिक मार्गावरील हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. जत्रांच्या हंगामापूर्वी येथे विविध फडांच्या राहुट्या, म्हणजे तात्पुरती कार्यालये, उभारली जातात. राहुटीवर फडाचा फलक, प्रमुख कलावंतांची छायाचित्रे आणि वगांची नावे लावलेली असतात. पुणे, नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), ठाणे इत्यादी जिल्ह्यांतील गावांचे पंच येथे येतात, राहुट्यांतून फिरून चौकशी करतात, तिथी आणि रक्कम यांवर घासाघीस होते आणि करार ठरतो. गुढीपाडव्याचा दिवस या व्यवहारासाठी विशेष महत्त्वाचा मानला जातो.

या बाजाराचे वैशिष्ट्य असे की, येथे दर एका तिथीपुरता ठरतो. ज्या तिथीला अनेक गावांच्या जत्रा एकत्र येतात त्या तिथीला फड कमी पडतात आणि सुपारी चढते. आडवारी तोच फड कमी रकमेत मिळतो. राहुटीवर बसणारा व्यवस्थापक गावांमधील अंतर, रस्ते आणि तिथी यांचा असा मेळ घालतो की, एका गावची रात्र आणि सकाळची हजेरी आटोपून फड दुसऱ्या गावी वेळेवर पोहोचावा. एक तिथी चुकली, तर तिची भरपाई पुढच्या वर्षापर्यंत होत नाही. म्हणूनच विसार देऊन नंतर सुपारी रद्द करणाऱ्या गावामुळे फडाचे होणारे नुकसान विसाराच्या रकमेहून पुष्कळ अधिक असते. त्या तिथीला चालून आलेली इतर गावे त्याने आधीच परत पाठविलेली असतात.

नाव हेच भांडवल

फडाजवळ गाड्या, तंबू आणि वाद्ये असतात, परंतु त्याचे खरे भांडवल म्हणजे त्याचे नाव. फडाच्या नावात प्रमुख कलावंताचे नाव, पुष्कळदा त्याच्या गावाचे नाव आणि अनेकदा आधीच्या पिढीचे नावही गुंफलेले असते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडातून विठाबाई पुढे आल्या. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी तोच वारसा स्वतंत्र फडाद्वारे चालविला. तुकाराम खेडकर यांचे १९६४ मध्ये निधन झाल्यानंतर कांताबाई सातारकर यांनी मुलाबाळांसह मोठ्या हिमतीने व्यवसायात पुन्हा पाय रोवले. पुरुष भूमिकाही गाजविल्या आणि पुढे पुत्र रघुवीर खेडकर यांच्यासह फड नावारूपास आणला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या व्यवसायात बँकेची पत नव्हती तेथे नाव हीच पत होती आणि ती वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे गेली.

नाव गावोगाव पोहोचविण्याची फडांची स्वतःची प्रसिद्धी-पद्धती आहे. भिंतीवरील रंगीत पत्रके, बाजाराच्या दिवशी वाटली जाणारी हस्तपत्रके आणि पंचक्रोशीतून ध्वनिक्षेपक लावून फिरणारी जीप ही जुनी साधने आजही टिकून आहेत. त्यांच्या जोडीला आता भ्रमणध्वनीवर पाठविल्या जाणाऱ्या चित्रफिती आल्या आहेत. पंच मंडळी राहुटीत येण्यापूर्वीच फडाचे नृत्य आणि वगातील प्रसंग पाहून आलेली असतात. तथापि, सर्वांत परिणामकारक प्रसिद्धी अजूनही मुखोद्गतच आहे. शेजारच्या गावात खेळ वेळेवर सुरू झाला का, वग पूर्ण झाला का, कलावंतांचे वर्तन कसे होते, याची चौकशी करूनच गाव सुपारी देते. ज्या फडाने दर वर्षी नवा वग, नेटकी वेशभूषा आणि सुरेल ढोलकी-हलगी यांवर खर्च केला, त्याला तेच गाव पुन्हा बोलावते. केवळ चित्रपटगीतांवर विसंबून राहणाऱ्या फडाची स्पर्धा वाद्यवृंदाशी आणि घरोघरच्या पडद्याशी होते. ती त्याला झेपत नाही. गण-गौळण आणि वग हे जे दुसरीकडे मिळत नाही, तेच फडाचे वेगळेपण होय.

उचलीची साखळी

हंगाम सुरू होण्यापूर्वी कलावंताला फडमालकाकडून आगाऊ रक्कम मिळते. तिला उचल म्हणतात. पावसाळ्यातील बेकारी, घरातील लग्न, आजारपण यांसाठी ती खर्ची पडते आणि हंगामातील पगारातून फेडली जाते. कलावंताच्या दृष्टीने उचल हा आधार असतो. मालकाच्या दृष्टीने कलावंत हंगामभर टिकून राहील याची ती हमी असते. मात्र हंगाम वाईट गेला, तर उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि तिच्या जोडीला नवी उचल घ्यावी लागते.

मालकाची स्थिती याहून निराळी नसते. शंभर माणसांच्या उचलीसाठी लागणारी रक्कम तो खाजगी सावकाराकडून चढ्या व्याजाने घेतो, कारण बँकेला तारण देण्यासारखी मालमत्ता त्याच्याजवळ क्वचितच असते आणि फडाच्या उत्पन्नाचे कागदोपत्री पुरावे नसतात. अशा प्रकारे कलावंत मालकाचा आणि मालक सावकाराचा देणेकरी बनतो. हंगामातील सुपारीची रक्कम बऱ्याच वेळा हाती येण्यापूर्वीच देण्यात गेलेली असते.

या साखळीचा कमकुवतपणा २०२० मध्ये उघड झाला. त्या वर्षी देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च रोजी सुरू झाली आणि तोच दिवस गुढीपाडव्याचा होता. उचली वाटल्या गेल्या होत्या, जत्रांचे दिवस तोंडावर आले होते आणि नेमक्या त्याच क्षणी सर्व जत्रा रद्द झाल्या. २०२१ चा हंगामही साथीमुळे बुडाला. सलग दोन वर्षे उत्पन्न थांबले. कर्ज मात्र थांबले नाही. अनेक कलावंतांनी मजुरी पत्करली, फडांचे साहित्य आणि गाड्या पडून राहिल्या. अवघे वर्ष ज्यांच्या दृष्टीने दोन महिन्यांत सामावलेले असते, त्यांच्यासाठी राखीव निधी किती अगत्याचा आहे, याचा हा कठोर धडा होता. हंगामाच्या प्रत्येक सुपारीतून अल्पशी रक्कम बाजूला काढणे, कलावंतांचे पगार त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करणे आणि सुपारीचे लेखी करार जपून ठेवणे या तीन गोष्टी केल्या, तर फडाच्या उत्पन्नाचा पुरावा तयार होतो व बँकेचे दार उघडण्याची शक्यता वाढते.

वेळ, परवाने आणि कर

तमाशा ही मुळात रात्रभर चालणारी कला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवाच्या प्रसंगी रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे, परंतु ती वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसांपुरती देता येते. गावोगावच्या जत्रांच्या तिथी निरनिराळ्या असल्याने प्रत्येक गावाला ही सवलत लाभतेच असे नाही. आजारी माणसे, लहान मुले आणि परीक्षेस बसलेले विद्यार्थी यांच्या स्वास्थ्यासाठी हा नियम आवश्यक आहे, याविषयी दुमत असू नये. मात्र त्याचा परिणाम खेळाच्या घडणीवर झाला आहे. पालखी, दारूकाम, सत्कार आणि भाषणे आटोपून रात्री नऊला रंगमंच मोकळा झाला, तर गण-गौळण होईतो दहा वाजतात आणि वग अर्धवट राहतो. ज्यासाठी सुपारी दिली ते गावाला मिळत नाही आणि ठपका कलावंतावर येतो. सत्कार-समारंभ दुपारीच उरकून खेळ सायंकाळी सातच्या आत सुरू करणे, हा त्यावरील सोपा व विनाखर्चाचा उपाय आहे.

पोलीस परवाना आणि संहितेचे परिनिरीक्षण-प्रमाणपत्र यांची पूर्तता कोणी करावयाची, हे आधीच ठरलेले असावे. कराच्या बाबतीत एक तरतूद कलावंतांना ठाऊक असणे हिताचे आहे. लोककला किंवा शास्त्रीय कलाप्रकारातील संगीत, नृत्य वा नाट्य सादर करणाऱ्या कलावंताचे मानधन प्रत्येक प्रयोगास १ लाख ५० हजार रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर वस्तू व सेवा कराची आकारणी होत नाही.

चित्रमुद्रणाचा प्रश्नही अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. खेळ सुरू असताना कोणीही तो संपूर्ण चित्रित करतो आणि इंटरनेटवर टाकून त्यावर उत्पन्न मिळवितो. कलावंताला त्यातून काहीच मिळत नाही. उलट नवा वग गावात येण्यापूर्वीच लोकांनी पाहिलेला असतो. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाच्या ध्वनिचित्रमुद्रणावर कलावंताचा हक्क मान्य केला असून तो ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगाबद्दल स्वामित्वधन मिळण्याची तरतूदही केली. फडांनी आपल्या खेळांचे चांगले चित्रमुद्रण स्वतःच करून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करावे आणि सुपारीच्या करारात चित्रणाची अट घालावी, हा यातील व्यवहार्य मार्ग आहे.

उतारवय आणि मानधन

विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी तमाशा क्षेत्रातील सर्वोच्च लौकिक मिळविला, राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. तथापि त्यांची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन ज्येष्ठ तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. परंतु पुरस्कार वर्षातून एकाला मिळतो. ढोलकीवाले, सुरत्ये आणि वय झाल्यावर फड सोडलेल्या नर्तकी शेकडो आहेत.

त्यांच्यासाठी राज्य शासनाची मानधन योजना १९५४-५५ पासून कार्यान्वित आहे. ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना’ या नावाने ती आता ओळखली जाते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेणींनुसार मानधनाची रक्कम वेगवेगळी होती; २०२४ मध्ये ती सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आली. वयाची ५० वर्षे पूर्ण झालेल्या, किमान १५ वर्षे कलाक्षेत्रात कार्य केलेल्या आणि उत्पन्नाच्या विहित मर्यादेत बसणाऱ्या कलावंतांना तिचा लाभ घेता येतो.

खरी अडचण पात्रतेपेक्षा पुराव्याची आहे. आयुष्यभर गावोगाव फिरलेल्या कलावंताजवळ जन्माचा दाखला नसतो, उत्पन्नाचा दाखला मिळविण्यास तो गावात नसतो आणि ‘१५ वर्षे कार्य केले’ हे दाखविणारा कागद कोठेच नसतो. हस्तपत्रकावर प्रमुखाचेच नाव छापलेले असते. ढोलकीवाला व सुरत्या त्यावर नसतात. फडमालकांनी हस्तपत्रकावर साऱ्या संचाची नावे छापण्याचा आणि दर वर्षी हंगाम संपताच प्रत्येकाला काम केल्याचा दाखला देण्याचा प्रघात पाडला, तर वीस वर्षांनी तोच कागद म्हाताऱ्या कलावंताच्या उपजीविकेचा आधार ठरेल.

गावाकडून अपेक्षा

फड हा गावात एका रात्रीचा पाहुणा असला, तरी त्या रात्रीचा यजमान गाव असतो. सुपारीचा करार लेखी असावा. त्यात तिथी, खेळाची आणि हजेरीची वेळ, रक्कम, विसार, बाकी रक्कम केव्हा चुकती करावयाची, रंगमंच व वीज कोणाकडे, पाऊस आल्यास अथवा खेळ रद्द झाल्यास काय करावयाचे आणि चित्रणास परवानगी आहे किंवा नाही, या बाबी स्पष्ट असाव्यात. एका पानाच्या अशा कागदाने हुज्जतीचे बहुतेक प्रसंग टळतात.

फडात स्त्री कलावंत मोठ्या संख्येने असतात. त्यांना वेशभूषेसाठी बंदिस्त व सुरक्षित जागा, स्वच्छ स्वच्छतागृह, पुरेसा उजेड आणि पिण्याचे पाणी मिळणे ही किमान सोय होय. प्रवासाने थकलेल्या संचाला दिवसा विश्रांतीसाठी समाजमंदिर वा रिकामी इमारत उपलब्ध करून देता येते. रंगमंचासमोर हुल्लड करणाऱ्यांना आवरण्याची जबाबदारी यात्रा समितीने स्वयंसेवकांच्या साहाय्याने उचलली पाहिजे. जो गाव कलावंताला सन्मानाने वागवतो, त्याचेही नाव राहुट्यांमधून पसरते आणि चांगले फड त्या गावाची तिथी राखून ठेवतात.

ज्या गावांत कलावंतांची वस्ती आहे तेथील ग्रामपंचायतींना आणखी एक काम करता येईल. आपल्या गावातील कलावंतांची नोंदवही ठेवून त्यांत नाव, वय, कलाप्रकार आणि कामाची वर्षे लिहिली जावीत. पावसाळ्याच्या महिन्यांत, म्हणजे कलावंत गावी असताना, दाखले आणि मानधनाचे अर्ज यांसाठी एखादा दिवस मुक्रर करावा. शिधापत्रिका आधारशी जोडलेली असेल, तर मुक्कामाच्या ठिकाणीही धान्य मिळू शकते, ही माहितीही त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

शिक्षकांची भूमिका तर सर्वांत महत्त्वाची आहे. फडाबरोबर फिरणाऱ्या मुलांची शाळा दसऱ्यानंतर सुटते आणि पुन्हा जुळत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे; दुसऱ्या शाळेत जाताना मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ दिला पाहिजे आणि तो येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालविल्या जाणाऱ्या हंगामी वसतिगृहांसारखी सोय या मुलांसाठीही उपयुक्त ठरेल. शाळेत अशा मुलाच्या पालकांच्या व्यवसायाचा उल्लेख आदराने व्हावा. लोककलेवरील पाठ शिकविताना गावातील एखाद्या वृद्ध ढोलकीवाल्याला वर्गात बोलावले, तर मुलांना ताल समजेल आणि त्या कलावंतालाही आपल्या विद्येचे मोल कळेल.

स्वतःच्या गुणांवर, कोणाच्याही पगारावर न राहता जगणारा हा कलावंतवर्ग महाराष्ट्राने दोनशे वर्षे सांभाळला आहे. त्याला वेळेवर मिळालेली सुपारी, हाती असलेला लेखी करार, मुलाची अखंड राहिलेली शाळा आणि उतारवयात मिळणारे मानधन या साध्या गोष्टी आहेत. त्यांपैकी बहुतेक गोष्टी गावात, शाळेत आणि तालुक्याच्या कार्यालयातच होण्यासारख्या आहेत. येत्या हंगामात राहुटीत बसून तिथी ठरविताना गावच्या पंचांनी रकमेबरोबर या गोष्टींचाही विचार केला, तर ढोलकीची थाप पुढील पिढीच्या कानी पडत राहील.